जखम, पाला आणि ड्रेसिंग : ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी इंटरकॉमवरचा प्रश्न अजून तोच असतो : "सिस्टर, यावर काय लावू?" ३१ वर्षं मी स्टाफ नर्स होते आणि त्यातली निम्मी तरी ड्रेसिंग रूममध्ये गेली. आता सोसायटीच्या मागच्या कुंपणालगत औषधी झाडांचा एक वाफा आहे, त्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलंय. त्यामुळे माझ्या एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात कोरफड असते, असा लोकांचा समज झालाय. तीच ती उत्तरं जिन्यात उभं राहून देण्यापेक्षा एकदाची लिहून काढली. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. जखमा मात्र पुष्कळ पाहिल्यात, उघड्याही आणि लपवलेल्याही.

विळीवर बोट कापलं. हळद दाबू का?

आधी बोट दाबा. स्वच्छ रुमाल किंवा गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) ठेवून घट्ट धरा, हात वर करा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. "थांबलं का बघू" म्हणून दर मिनिटाला उघडलंत, तर जमलेली गुठळी तुम्हीच उखडता. आजी चिमूटभर हळद घालून बोट मुठीत आवळून धरायची आणि रक्त थांबायचं. त्यात हळदीचा वाटा असेलही, पण मोठा वाटा मुठीचा होता. श्रेय हळदीला मिळालं, कारण मुठीला रंग नसतो.

मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली धुवा, आजूबाजूला साधा साबण लावा आणि पट्टी बांधा. ताज्या कापलेल्या जखमेत मी घरची हळद घालत नाही. हळदीबद्दल मनात काही आहे म्हणून नव्हे. हळद हे जमिनीतलं कंद. शिजवून उघड्यावर वाळवतात, पॉलिश करतात, दळतात, पोत्यात भरतात. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एकदा फिरून या, पोती कुठून कुठून आलेली असतात ते दिसेल. या प्रवासात तिच्यात मातीतल्या जिवाणूंचे बीजाणू राहतात. आमटीतून पोटात गेली की सहसा काही बिघडत नाही, उघड्या जखमेचं तसं नसतं. मसाले निर्जंतुक करायला वाशीलाच कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा सरकारी प्रकल्प २००० सालापासून चालतो. मसाल्यात जंतू नसतेच तर तो कशाला उभारला असता? त्यातून सुट्या हळदीचा रंग उजळावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळण्याची भेसळ जुनी आहे. तो जखमेत नको आणि पोटातही नको.

दुसरी अडचण ड्रेसिंग करणाऱ्यांची. हळद भरलेली जखम डॉक्टरांसमोर आली की सगळं पिवळंच दिसतं. कडा लाल आहेत का, खोली किती आहे, पू आहे का, काही कळत नाही. मग ती हळद धुऊन काढावी लागते आणि तेव्हा पेशंट जे ओरडतो ते हळद लावणाऱ्याने ऐकायला हवं.

पण हळदीचं पेटंट आपण जिंकलो ना? म्हणजे सिद्धच झालं की!

हा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. वर्षातून दोनदा येतो, एकदा १५ ऑगस्टला आणि एकदा २६ जानेवारीला.

झालं ते असं. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत हळदीने जखम भरून आणण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिथे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. ३२ जुने संदर्भ पुढे ठेवले गेले, त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला, तो याच धड्यातून.

अभिमान वाटावा असंच आहे, मलाही वाटतो. पण काका, निकाल काय लागला ते नीट पाहा. निकाल असा की हे ज्ञान नवीन नाही, त्यामुळे त्यावर कुणाला मालकी सांगता येणार नाही. हळद किती लावायची, कोणत्या जखमेवर लावायची आणि तिने किती दिवस वाचतात, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता. खटला मालकीचा होता आणि आपण त्याचं प्रमाणपत्र करून भिंतीवर लावलं.

मग हळदीत काहीच नाही का?

असं कुठे म्हटलं? हळदीतलं कुर्क्युमिन दाह कमी करतं, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात टिकत नाही. म्हणून संशोधक ते जेलमध्ये किंवा अतिसूक्ष्म कणांत बांधून जखमेपर्यंत पोहोचवायला बघतात. ती धडपड आणि आपली डब्यातली चिमूट, दोन्हींचं नाव एक असलं तरी गोष्ट वेगळी आहे.

जखम उघडी ठेवावी, हवा लागली की लवकर वाळते. बरोबर ना?

वाळते, पण लवकर भरत नाही. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवर प्रयोग केला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने चढली. नव्या पेशी जखमेच्या कडेकडून सरकत येतात. त्यांना ओली वाट लागते. वर कडक खपली धरली की तिच्याखालून खणत यावं लागतं. ओलसर म्हणजे पचपचीत नव्हे, एवढं लक्षात ठेवा. पट्टी भिजली की बदलायची, विशेषतः ठाण्याच्या जुलैमध्ये, जेव्हा चड्ड्यासुद्धा तीन दिवस वाळत नाहीत.

वनस्पती जखमेत नेमकं करतात तरी काय?

जखम शरीर स्वतः भरून काढतं. आधी रक्त गोठतं. मग सूज येते, लाली येते आणि पांढऱ्या पेशी सफाई करतात. त्यानंतर दाणेदार लाल मांस धरतं, त्यात कोलाजेनचे धागे विणले जातात. शेवटी ते धागे वर्षभर, कधी त्याहून जास्त, नीट लागत राहतात. एवढं करूनही त्या जागेला मूळ कातडीची साधारण ऐंशी टक्केच ताकद येते.

वनस्पती यातल्या एखाद्या टप्प्याला हात लावते. झाडांच्या साली आणि हिरड्याचं फळ यांतलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य जखमेचा वरचा थर आवळून धरतं आणि पाझर कमी करतं. कडुनिंबाची मदत जंतूंच्या बाजूने होते. ब्राह्मीतली द्रव्यं कोलाजेन विणायला मदत करतात. कोरफड ओलावा धरून ठेवते. म्हणजे "जखमेचं झाड" असं एक झाड नसतं. पाझरणाऱ्या जखमेला जे चांगलं ते कोरड्या जखमेला वाईट ठरू शकतं. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे, म्हणजे जखमेचे, साठ उपक्रम (उपचाराच्या पद्धती) मांडलेत. एकाच लेपाने भागलं असतं तर साठ कशाला सांगितले असते? तिथेही आधी शोधन, म्हणजे जखम स्वच्छ करणं, आणि मग रोपण, म्हणजे भरून आणणं. आपल्याकडे लोक शोधन गाळून थेट रोपणाला बसतात.

बाल्कनीत कोरफड आहे. कापून लावली तर?

वरवर भाजलं असेल, उन्हाने कातडी पोळली असेल, खरचटून कोरडं पडलं असेल, तर चालेल. २००७ मध्ये काही छोट्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या भाजण्यात कोरफडीने सुमारे नऊ दिवस वाचल्याचं दिसलं. हे वाचून हुरळून जाण्याआधी दुसरी बाजूही ऐका. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात पोटावरच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल लावलं. नेहमीच्या पद्धतीने ५३ दिवसांत भरणाऱ्या जखमांना जेल लावून ८३ दिवस लागले. वनस्पती तीच, जखम वेगळी. म्हणून खोल जखमेत, टाक्यांवर आणि सिझेरियनच्या व्रणावर कोरफड नको.

कापायची रीत : खालचं जाड पान बुंध्याशी कापा आणि दहा-पंधरा मिनिटं उभं करून ठेवा. पिवळा, कडू चीक खाली निथळू द्या, कारण तोच त्वचेला झोंबतो. मग धुवा, साल काढा आणि फक्त आतला पारदर्शक गर घ्या. तेवढ्यापुरताच घ्या. फ्रिजमध्ये चार दिवस ठेवलेला गुलाबी गर लावून मला फोन करू नका.

कुकरच्या वाफेने हात भाजला. पहिल्यांदा काय?

पाणी. वीस मिनिटं, नळाखाली, धार मंद ठेवून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद नको, तूप नको. अंगठी आणि बांगड्या लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. फोड फोडू नका. तळहाताहून मोठं भाजलं असेल, चेहरा, सांधा किंवा गुप्तांगाची जागा असेल, लहान मूल असेल, तर पाला-बिला विसरा आणि थेट रुग्णालय गाठा. ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, ठाण्याहून पूल ओलांडला की आलंच.

भाजल्यावर केळीचं पान बांधतात हे खरं का?

खरं आहे, आणि हा माझा लाडका विषय आहे, त्यामुळे जरा लांबेल.

भाजलेल्या जखमेचं खरं दुखणं ड्रेसिंग बदलताना असतं. गॉज चिकटतो आणि ओढला की कोवळी कातडी घेऊन येतो. बर्न्स वॉर्डात सकाळी ड्रेसिंगची ट्रॉली नुसती वाजली तरी मुलं रडायला लागायची. परदेशी न चिकटणारी ड्रेसिंग्ज महाग, आणि आपल्याकडे भाजून येणारे बहुतेक पेशंट गरीब घरांतले. म्हणून मुंबईत डॉक्टरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. १९८५ च्या सुमारास डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी करून वापरली. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी केली. बटाट्याच्या सालीशी तिची तुलना करणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही सारख्याच उपयोगी ठरल्या, काढताना दुखणं नाहीसं किंवा अगदी थोडं, आणि केळीची पट्टी कितीतरी स्वस्त.

यात केळीच्या पानात काही गूढ औषध होतं असा दावा कुणी केला नाही. पान मोठं आणि गुळगुळीत असतं, वर मेणाचा थर असतो. जेवणाचा भात त्याला चिकटत नाही तशी जखमही चिकटत नाही. बस एवढंच, आणि एवढंच पुष्कळ होतं. जखमेवर वनस्पती म्हटलं की आपण फक्त रस, लेप आणि अर्क यांचा विचार करतो. इथे वनस्पती कापड म्हणून कामाला आली.

मात्र ती पानं कापडावर चिकटवून, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेली होती. जांभळी नाक्यावरून श्रावणात आणलेलं पान पाण्याखाली धरून हातावर गुंडाळणं म्हणजे तो उपचार नव्हे. त्या पानावर पुरण वाढा.

सोसायटीच्या गेटपाशी एकदांडी उगवते. लहानपणी गुडघ्यावर चोळायचो.

मीही चोळलीय. कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी, कुणी थेट जखमजुडी. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. लांब एकच दांडी, टोकाला पिवळं मधलं आणि कडेला थोड्या फिकट पाकळ्यांचं फूल. गंमत म्हणजे ही आपली मूळची नाहीच. उष्ण अमेरिकेतून आली आणि रस्त्याकडेला अशी पसरली की आपण तिला घरचं औषध करून टाकलं. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने जखमा लवकर भरल्याचं दिसलंय, स्टिरॉइडने मंदावलेलं भरणंही थोडं सावरलेलं दिसलंय. म्हणजे आपल्या गुडघ्यांचा अनुभव अगदीच खोटा नव्हता.

पण गेटपाशी तिच्यावर कोण कोण पाय वर करून जातं ते वॉचमनला विचारा. त्यातून आपण आधी थुंकी लावून ती चुरडायचो. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि मातीतल्या पाल्यावरही. लहानपणी काही झालं नाही, त्यात टोचलेल्या लशीचाही वाटा असू शकतो. तिचा हिशेब कुणी ठेवत नाही, पाल्याचा सगळे ठेवतात.

ब्राह्मी जखमेला चालते म्हणतात. नर्सरीतून आणलेली हीच ना?

आधी पान दाखवा. घोडबंदर रोडच्या नर्सरीत "ब्राह्मी" मागितली की दोनपैकी काहीही हातात पडतं. गोलसर, मूत्रपिंडासारखं, कडेला कातरलेलं पान असेल तर ती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. लहान, जाडसर, लांबट पानं आणि पांढुरकं किंवा निळसर छोटं फूल असेल तर ती नीरब्राह्मी, म्हणजे बकोपा. जखमेचं संशोधन आहे ते पहिलीचं. तिच्यातल्या एशियाटिकोसाइड वगैरे द्रव्यांनी कोलाजेन वाढतं. मादागास्करच्या रोपांपासून फ्रान्समध्ये तिचं मलम निघालं, ते जगभर विकलं जातं. आता मुली कोरियन क्रीम आणतात, त्यावर "सिका" लिहिलेलं असतं, ती हीच आपली बांधावरची मंडूकपर्णी. पाचशे रुपयांच्या ट्यूबमध्ये बसली की तिला मान मिळतो.

पान वाटून जखमेवर लावू नका, कुणाकुणाला तिने अंगावर पुरळ येतं. तयार, मोजून बनवलेलं मलम बऱ्या होत आलेल्या व्रणावर लावायला हरकत नाही.

कॅलेंडुला म्हणजे झेंडूच ना? दसऱ्याचा शिल्लक आहे.

नाही. कॅलेंडुला वेगळं झाड आहे. २००४ मध्ये फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रेडिएशनने होणाऱ्या त्वचेच्या दाहावर जे मलम उपयोगी दिसलं, ते कॅलेंडुलाचं. आपल्या तोरणातला झेंडू म्हणजे टॅजेटिस. तो खतात टाका.

कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुवावी का?

स्वच्छ उकळलेलं, गाळलेलं, कोमट केलेलं आणि त्याच दिवशीचं असेल तर किरकोळ जखमेचा आजूबाजूचा भाग धुवायला ठीक आहे. नुसत्या वाहत्या पाण्याहून फार जास्त मिळेल असं मला वाटत नाही, पण घरातल्या मोठ्यांचं समाधान होतं आणि त्यालाही किंमत आहे. निंबोळीचं तेल मात्र लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये. उलट्या आणि झटके येतात.

मध? तो तर झाड नाही.

नाही, पण फुलांचाच रस, म्हणून घेते. आणि या यादीत पुरावा सगळ्यात भक्कम त्याचाच आहे. १९९१ साली सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या जखमांवर मध वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते जगभर वाचले गेले. २०१५ च्या कॉक्रेन (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यानुसार अर्धवट खोलीच्या भाजण्यात नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधाने चार-पाच दिवस आधी जखम भरते. इतर जखमांत, मधुमेहाच्या पायातसुद्धा, एवढी खात्री नाही. मध पाणी शोषून घेतो, आम्लधर्मी असतो आणि त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. जंतूंना या तिन्हींचा जाच होतो.

पण तो जखमेसाठीचा, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध. स्टेशनवर पोळ्यासकट विकतात तो नव्हे. त्यात मधमाशी असते, कधी गुळाचा पाकही असतो.

कच्च्या पपईचा चीक सडलेलं मांस खातो म्हणे?

खातो. पपेन नावाचं विकर आहे, मटण लवकर शिजावं म्हणून आपण लावतो तेच. जखमेतलं मेलेलं मांस सोडवायला त्याची मलमं होती, पण २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी नसलेली अशी सगळी मलमं बंद करायला सांगितली, कारण काहींना जिवावर बेतेल अशी अ‍ॅलर्जी झाली. घरी करू नका. रुईचा चीकही नको, डोळ्यात गेला तर दृष्टीवर येतं. आणि बिब्बा तर बिलकूल नाही. बिब्ब्याने उठलेले फोड मी "मूळ जखमेपेक्षा मोठे" असे केस पेपरवर लिहिलेले आठवतात.

जात्यादि तेल लावू का?

वैद्यांना दाखवून, जरूर. जाईची पानं, कडुनिंब, करंज, ज्येष्ठमध, हळद, मेण असं बरंच काही त्यात शिजवलेलं असतं आणि मोरचूदही असतं. म्हणजे ते "नुसतं तेल" नाही. बाटलीवरचा परवाना क्रमांक आणि तारीख बघून घ्या. पंचवल्कलाचा काढाही, म्हणजे वड, उंबर, पिंपळ, प्लक्ष आणि पारीष यांच्या सालींचा, व्रण धुण्यासाठी वैद्य वापरतात आणि त्यामागची कल्पना मला पटते. पण कुठल्या जखमेचं शोधन झालंय आणि कुठलीचं नाही, हे ओळखणं ही विद्या आहे. ती बाटलीबरोबर मिळत नाही.

मधुमेह आहे. पायाला छोटंसं खरचटलंय, दुखत नाही. पाला बांधला तर चालेल?

नाही. दुखत नाही हीच तर काळजीची गोष्ट.

माझ्या सख्ख्या काकांचं सांगते. कळव्याला राहायचे. नवी चप्पल लागली आणि करंगळीशेजारी दाण्याएवढी जखम झाली. कुणीतरी पाला सांगितला, त्यांनी वाटून बांधला आणि वर कापड, वर मोजा. आठ दिवस पट्टी उघडलीच नाही, कारण सांगणाऱ्याने "हलवायचं नाही" म्हटलं होतं. मी दर रविवारी भेटायला जायची. नर्स पुतणी समोर चहा पीत बसलेली आणि त्यांनी मोज्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, मी रागावेन म्हणून. नवव्या दिवशी वास आला तेव्हा काकूने फोन केला. दोन बोटं गेली. पाल्यात विष नव्हतं. पण त्या आठ दिवसांत जे बघायला हवं होतं ते पाल्याखाली झाकलं गेलं.

साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, पायाकडचा रक्तपुरवठा कमी असतो आणि नसा बधिर झाल्याने कळ येत नाही. असा पाय डॉक्टरांना दाखवा, त्याच दिवशी. आणि रोज रात्री झोपताना तळवे आरशात बघा. घरात नर्स असेल तर तिला घाबरू नका. ती ओरडेल, पण पट्टीही करेल.

कुत्रा चावला तर तिखट-हळद किंवा चुना?

काहीही नाही. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. मग ताबडतोब रेबीजची लस. जखम बांधू नका, त्यावर काही चोळू नका. रेबीज झाल्यावर उपचार नाही. साप चावला तर धुणं, चिरणं, आवळणं काहीही करू नका, पाय हलवू न देता रुग्णालयात न्या.

पावसात गुडघाभर पाण्यातून आलो. पायाला चीर होती.

घरी आल्या आल्या साबणाने धुवा, पुसा आणि चीर झाका. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं आणि लेप्टोस्पायरोसिस चिरेतून आत शिरतो. जखम होती आणि पाणी तुंबलेलं होतं एवढं डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, ते गोळी द्यायची की नाही ठरवतील. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर पुन्हा आठवणीने सांगा. याला कुठलाही लेप नाही.

येऊरला फिरायला जातो. तिथून रोपं आणली तर?

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथलं पानसुद्धा तोडून आणता येत नाही. पनवेलजवळच्या कर्नाळ्यालाही तेच. कायदा बाजूला ठेवला तरी पाड्यावरची बाई ज्या पानाला ओळखते ते तिने आईबरोबर पन्नास पावसाळे पाहिलेलं असतं. आपण मोबाइलवर फोटो जुळवतो आणि दोन दिवसांनी अंगाला खाज सुटते.

"संशोधनात सिद्ध" असं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. खरं मानू?

कुणावर सिद्ध झालं ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर असतं : उंदीर. उंदराची कातडी सैल असते, तिच्याखाली एक पातळ स्नायूचा थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आक्रसून बंद होते. आपली तेवढी आक्रसत नाही, नवी त्वचा चढवून भरावी लागते. त्यामुळे उंदरात चार दिवस वाचले म्हणजे माणसात वाचतील असं नाही. मग विचारा काय लावलं. पानाचा अल्कोहोलमधला अर्क, ठरावीक टक्के, मलमात मिसळून? की मिक्सरमध्ये फिरवलेला पाला? आणि तुलना कशाशी? काहीच न लावलेल्या जखमेशी केली तर व्हॅसलीनसुद्धा जिंकतं.

मग डॉक्टरकडे कधी जायचंच?

दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही. कडा उघड्या राहिल्या, आत पिवळी चरबी दिसली. गंजलेलं, मातीचं, माशाचा काटा घुसलेलं. बोट वाकत नाही किंवा बधिर आहे. लाली पसरतेय, ताप आहे, वास येतोय. दोन आठवड्यांत भरली नाही. धनुर्वाताची सुई मळलेल्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर परत, स्वच्छ जखमेला दहा.

वाफ्यातलं पान तोडायला परवानगी लागते का?

कोरफडीला नाही. बाकीच्यांना आधी मला विचारा, कारण गेल्या पावसाळ्यात कुणीतरी मंडूकपर्णी समजून भलतंच उपटून नेलं आणि मंडूकपर्णी तशीच राहिली. पान मनगटाच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून पाहा, लाल झालं नाही तरच पुढे. कुंपणाच्या फाटकाची चावी वॉचमनच्या टेबलाच्या खणात आहे, गंजली आहे, जरा तेल लावून फिरवा. आणि फिरवताना बोट कापलं, तर वर पहिला प्रश्न आहेच.